वांबोरीला मी उतरलो नाही

एकाहत्तरची लढाई थांबून दीड महिना झाला होता. आमची पलटण पंजाबात, सीमेच्या अलीकडे एका कालव्याच्या काठी तंबू ठोकून होती. मी सिग्नल प्लाटूनमध्ये नाईक होतो. वय सव्वीस. आमचं काम टेलिफोनच्या लाईनी टाकायचं आणि तुटल्या की जोडायचं. सकाळी साडेपाचला उठणं, सहाला पीटी, आठला लाईन चेकिंग. लढाई थांबली तरी लाईनी रोज तुटत होत्या. आधी तोफा तोडायच्या, आता ट्रॅक्टरवाले आणि म्हशी तोडत होत्या.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात ॲडज्युटंट साहेबांनी बोलावलं. टेबलावर तांब्याचा कलश होता, तोंडाला लाल कापड घट्ट बांधलेलं.

"नाईक, तुम भी अहमदनगर के हो?"

"जी साहब."

"भानुदास को घर तुम पहुँचाओगे. उसके पिताजी के हाथ में देना है. रास्ते में कलश जमीन पर नहीं रखना."

"जी साहब."

"उसके बाद बीस दिन की छुट्टी. कोई सवाल?"

"नहीं साहब."

जिल्हा एक असला तरी भानुदासचं आणि माझं गाव एका बाजूला नव्हतं. मी अकोले तालुक्यातल्या डोंगरातला. आमच्याकडे भात, नाचणी आणि पाऊस. तो सोनईजवळच्या एका गावातला, ज्वारी-बाजरीच्या सपाट रानातला. पण पंजाबात एवढं अंतर कोण मोजतो? तो मला 'गाववाले' म्हणायचा. दोन वर्षं आम्ही एकाच लाईन पार्टीत होतो.

तो कसा गेला ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

डिसेंबरचा दुसरा आठवडा होता. सकाळी दहा वाजता बी कंपनीची लाईन मेली. त्याच वेळी वायरलेसही नीट लागत नव्हता. एक्स्चेंजवरून हुकूम आला, "लाईन पार्टी, मूव्ह." मी आणि भानुदास केबल हातात धरून निघालो. आठशे यार्डांवर बांध होता. बांधापलीकडे मोकळं शेत, आणि तिथे गोळे पडत होते. केबल त्या शेतातच कुठेतरी तुटली होती. एकाने पुढे जाऊन जोडायची, दुसऱ्याने मागे टेलिफोन लावून तपासायची, अशी पद्धत. भानुदास म्हणाला, "गाववाले, तुमी फोन धरा. माझा हात जल्दी चालतो." आणि तो बांधावरून पलीकडे गेला. मी बांधाच्या आडोशाला फोन घेऊन बसलो.

दहा चाळीसला फोनमध्ये खरखर झाली.

"हॅलो एक्स्चेंज, लाईन पार्टी. टेस्टिंग."

"लाईन ओके. बी कंपनी मिल गयी."

मी भानुदासला हाक मारायला डोकं वर काढलं, तेवढ्यात गोळा पडला. मी पुन्हा बांधाच्या खाली दाबून बसलो. अजून तीन पडले. ते थांबल्यावर मी गेलो. तो केबलपासून दोन हातांवर होता.

एवढंच. यात माझी चूक काही नव्हती, असं साहेबांनी सांगितलं, आणि ते मीही मानतो. चूक पुढे आहे.

पठाणकोटहून निघालो. एका खांद्यावर माझी किटबॅग, हमालाच्या डोक्यावर भानुदासची काळी ट्रंक, आणि माझ्या हातात कलश. कलश मी हॅवरसॅकमध्ये, म्हणजे खांद्याला अडकवायच्या पिशवीत, ठेवला होता. गर्दीत कोणी अस्थी आहेत म्हणून कुरबुर करू नये हा हेतू. दिल्लीत गाडी बदलली. दोन रात्री मी तो कलश मांडीवर घेऊन बसलो. झोप आली की पट्टा मनगटाला गुंडाळायचो. हुकूम पाळल्याचा मला अभिमान वाटत होता, हे खोटं का बोलू? गावाला तार गेली होती: मंगळवारी सकाळच्या पॅसेंजरने वांबोरी स्टेशन.

मंगळवारी पहाटे मनमाडला उतरलो. साडेसहाला दौंडकडे जाणारी पॅसेंजर सुटली. थर्ड क्लास, लाकडी बाकं, कोळशाचं इंजिन. खिडकीत बसलं की डोळ्यांत कण जायचे. ट्रंक बाकाखाली सरकवली. तिच्यावर पांढऱ्या रंगात भानुदासचा नंबर, रँक आणि नाव लिहिलेलं होतं. कलश मांडीवर.

कोपरगावला डबा भरला. माझ्यासमोर धोतर-कोटातले एक पेन्शनर मास्तर बसले. त्यांच्या शेजारी एक माळीणबाई, पन्नाशीच्या, झेंडूच्या माळांची मोठी पाटी घेऊन नगरच्या बाजाराला निघालेल्या. बाकी शेतकरी, दोन व्यापारी, कोर्टाच्या तारखेला जाणारे दोघे. माझा युनिफॉर्म बघून सगळे सरकले आणि मला खिडकी दिली.

"लढाईवरून का?" मास्तरांनी विचारलं.

"हो."

"पिशवीत काय हाय रं बाबा, इतकं जपून धरलंय?" माळीणबाई म्हणाल्या.

"गंगाजल," मी म्हणालो. "आईसाठी."

बाईंनी पिशवीला हात लावून कपाळाला लावला. मला वाईट वाटलं, पण थोडंच.

वाटेत पंजाबात, दिल्लीत लोकांनी लढाईचं विचारलं होतं. तिथे मी 'हाँ जी, नहीं जी' करून गप्प बसलो होतो. इथे माझ्या बोलीत विचारत होते. इतक्या दिवसांनी चहूबाजूंनी मराठी ऐकली की माणूस सैल होतो. पुणतांब्यापर्यंत मी बोलायला लागलो होतो. तोफेचा गोळा येताना कसा आवाज होतो, खंदकात थंडी किती, ते सांगितलं. पलीकडच्या बाकावरचे उठून आमच्याभोवती उभे राहिले. मग मी लाईन तुटल्याची गोष्ट सांगायला घेतली. आम्ही दोघे निघालो, बांधापर्यंत गेलो, पुढे मोकळं शेत, गोळे पडतायत.

"मंग? कोन गेलं पुढं?" माळीणबाईंनी विचारलं. त्यांचा हात तोंडावर गेला होता.

"मी," मी म्हणालो.

तो शब्द मी ठरवून बोललो नाही. पण बोलल्यावर परतही घेतला नाही. उलट पुढे गेलो. केबलची दोन टोकं कशी शोधली, ती कशी सोलली, गोळे कुठे पडले, सगळं सांगितलं. भानुदासने जे केलं ते मला पाठच होतं, कारण त्याने ते माझ्यासमोर शंभर वेळा केलं होतं.

"आणि बरोबरचा?" मास्तरांनी विचारलं.

"तो मागे होता. टेलिफोनवर."

"वाचला ना?"

"हो. वाचला."

मग एकाने 'भारत माता की जय' म्हटलं आणि सगळे ओरडले. माळीणबाईंनी पाटीतून झेंडूची सर्वांत जाड माळ काढली आणि माझ्या गळ्यात घातली. कनवटीच्या डबीतलं कुंकू कपाळाला लावलं. मी पैसे देऊ लागलो तर रागावल्या. "तुजं रगत स्वस्त हाय का रं? माळंचं काय घिऊन बसलास." बेलापूर स्टेशनावर दुसऱ्या डब्यातले दोघे मला बघायला आले. कोणीतरी चहा आणला, कोणी पेरू दिले. गर्दीत जागा करायची म्हणून मी पिशवी मांडीवरून खाली काढली आणि दोन पायांच्या मध्ये ठेवली. जमिनीवर. दोन रात्री न ठेवलेला कलश मी तिथे ठेवला. त्याच वेळी बुटाच्या टाचेने ट्रंक फिरवली. नाव भिंतीकडे गेलं.

राहुरी नऊ पन्नासला गेलं. आता पुढचं स्टेशन वांबोरी. मला ते तोपर्यंत आठवत नव्हतं असं नाही. आठवत होतं. मी मनात म्हणत होतो, उतरताना मुकाट्याने दाराशी जाईन, कोणाच्या लक्षात येणार नाही.

दहा पंधराला गाडी वांबोरीत शिरली आणि मी बाहेर पाहिलं. प्लॅटफॉर्मवर शंभर-दीडशे माणसं होती. भजनी मंडळी टाळ घेऊन उभी होती, वाजवत नव्हती. बायका एका बाजूला. मागे लिंबाखाली बैलगाड्या सोडलेल्या. सगळ्यांच्या पुढे एक म्हातारा, उंच, पांढरं धुतलेलं उपरणं दोन्ही हातांवर पसरून उभा. कलश घ्यायला.

आमच्या डब्यातले सगळे खिडक्यांना लागले.

"काय झालं वं? कोन गेलं?" माळीणबाईंनी बाहेर विचारलं.

खालून एकाने सांगितलं, "आमच्या गावचा भानुदास. लढाईत गेला. टेलिफोनची तार जोडताना गेला. अस्थी येनार हायेत या गाडीनं."

मास्तरांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग पायांमधल्या पिशवीकडे.

मला उठायचं होतं. शपथेवर सांगतो, उठायचं होतं. गाडी तिथे दोन मिनिटं थांबायची. दोन मिनिटांत माणूस ट्रंक, किट, सगळं घेऊन उतरू शकतो. पण उठलो असतो तर गळ्यात माळ, कपाळाला कुंकू आणि हातात कलश घेऊन त्या डब्यातल्या तीस माणसांमधून जावं लागलं असतं. मी बसून राहिलो.

म्हातारा गाडीच्या पुढच्या टोकापासून एकेक खिडकी बघत येत होता. घाई करत होता, पण पळत नव्हता. माझ्या खिडकीशी आला. त्याने माझा युनिफॉर्म पाहिला, माळ पाहिली.

"जवान, तुमच्या संगतीनं एक जन यायचा हुता. कलश घिऊन. कुटं दिसला का वं?"

त्याचं तोंड माझ्यापासून हातभर होतं. नाक भानुदासचं होतं.

"न्हाई," मी म्हणालो.

"बरं," म्हातारा म्हणाला आणि पुढच्या खिडकीकडे गेला.

गार्डने हिरवा झेंडा दाखवला. शिट्टी झाली. गाडी हलली. लोक एकमेकांना विचारत होते, हात वर करून गार्डला काही सांगत होते. म्हातारा शेवटच्या डब्याबरोबर चार पावलं चालला आणि थांबला. उपरणं अजून हातांवर तसंच होतं.

लढाईत मला भीती वाटली होती. ती सगळ्यांना वाटते, आणि कोणी विचारलं तर मी ती मोकळेपणी सांगतो. वांबोरीला जी वाटली ती भीती वेगळी होती. तिथे मला कोणी मारणार नव्हतं. तीस अनोळखी माणसं मला खोटारडा म्हणतील, एवढंच होतं. त्यातलं एकही माणूस मला पुन्हा कधी भेटणार नव्हतं.

मास्तरांनी आपली पिशवी घेतली, उठले आणि डब्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले. तिथे बसायला जागा नव्हती. नगरपर्यंत ते उभेच होते. माळीणबाईंना काही कळलं नव्हतं. त्या डोळे पुसत म्हणाल्या, "बघ बाबा, तुजं नशीब थोर. त्या माऊलीचं काय झालं आसंल." मी हो म्हणालो.

नगरला अकरा दहाला उतरलो. माळ काढली आणि बाकावर ठेवली. पिशवीतून कलश काढला. वाटेत त्याला काही झालं नव्हतं, कापड तसंच होतं. तो सगळ्यांना दिसेल असा मांडीवर घेऊन मी प्लॅटफॉर्मवर बसलो. लोक वळून पाहत होते, दोघातिघांनी नमस्कार केला. काय करावं याचे सगळे विचार आले. पोलिसांकडे द्यावा. एखाद्या सरकारी ऑफिसात ठेवून पावती घ्यावी. अकोल्याची एस.टी. धरावी आणि प्रवरेत आपणच सोडून द्यावा. हा शेवटचा विचार किती वेळ माझ्या डोक्यात होता ते मी सांगणार नाही. दोन चाळीसला मनमाडकडे जाणारी पॅसेंजर होती. तिच्यात बसलो, आणि सगळी वाट दारात उभा राहिलो.

तीन पस्तीसला वांबोरी. बहुतेक लोक गेले होते. लिंबाखाली एकच बैलगाडी आणि पाच-सात माणसं. म्हातारा तिथे बसला होता. मी उतरलो तसा तो उठला आणि माझ्याकडे बघत उभा राहिला. ओळखलं, यात शंका नव्हती.

फेट्यातले एक गृहस्थ, गावचे सरपंच, तरातरा पुढे आले. "काय वं नाईक! सकाळी कुटं हुता तुमी? सगळं गाव हितं उनात हुतं. आयाबाया उपाशी परत गेल्या. ही काय रीत झाली?"

मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो ते मला आजही माहीत नाही.

"झोप लागली त्याला," म्हातारा म्हणाला.

"आवो पन आबा, तुमी तर समद्या खिडक्या बघितल्या..."

"माझ्या डोळ्याला दिसतंय कुटं आता नीट. तीन दिस बसून आलंय पोर. लागती झोप." मग त्याने उपरणं पसरलं. "आन इकडं."

मी सावधान उभा राहिलो आणि कलश त्या हातांवर ठेवला. सॅल्यूट केला. आबांनी कलश छातीशी धरला आणि ते बैलगाडीत जाऊन बसले.

गाव साडेचार कोस. बाकीचे पायी पुढे गेले. गाडीत आबा, मी आणि ट्रंक. गाडी आबाच हाकत होते, एका हाताने. दोन्ही बाजूंना बाजरी काढलेली रिकामी रानं. त्या वर्षी पाऊस कमी झाला होता.

"आबा," मी म्हणालो, "सकाळी मी जागा..."

"म्हाईत हाय."

"मी गाडीत लोकांना..."

"नको सांगू." त्यांनी बैलांना हाक दिली. मग म्हणाले, "आजचा दिस भान्याचा हाय. त्यात तुजं कशाला आनायचं?"

दिवेलागणीला गावात पोचलो. भानुदासच्या आईने कलशाजवळ बसून खूप वेळ काढला. मग उठली आणि मला म्हणाली, "लांबनं आलायस. हातपाय धू. जेवून घे." भाकरी आणि हुलग्याचं कालवण होतं. मी जेवत होतो, आणि ती समोर बसून वाढत होती. आबांनी तिला झोपेचंच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रवरासंगमला गेलो. अस्थी सोडल्यावर बाकीचे वर घाटावर गेले. आबा पाण्यातच उभे होते, गुडघाभर. मी त्यांच्या मागे.

"कसा गेला?" त्यांनी विचारलं. "कागदावर हाय ते न्हाई. तू बघितलं ते सांग."

मी सांगितलं. बांध, शेत, फोन. त्याने मला काय म्हटलं ते. मी मागे बसलो ते. दहा चाळीसला लाईन लागली आणि मग गोळा पडला ते. तीन गोळे पडेपर्यंत मी बांधाखाली दाबून होतो, तेही सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. आबा पाठमोरे ऐकत होते.

"म्हंजी, तार लागली हुती," ते म्हणाले.

"लागली होती. बी कंपनीशी बोलणं झालं. माणसं वाचली त्यामुळे."

"मंग काम करून गेला."

"हो."

त्यांनी ओंजळीने पाणी घेऊन तोंड धुतलं आणि घाट चढायला लागले.

सुट्टी संपवून पलटणीत हजर झालो. ॲडज्युटंट साहेबांनी विचारलं, "कलश दे दिया? कोई तकलीफ?"

"नहीं साहब."

त्यांनी रजिस्टरवर सही केली.

पुढे मी हवालदार होऊन पेन्शनवर आलो. भानुदासच्या गावाला दर एक-दोन वर्षांनी जात राहिलो. गावात माझं नाव 'झोपाळू नाईक' पडलं होतं. सरपंच चावडीवर हाक मारायचे, "या झोपाळू, आज जागं हायसा का?" लोक हसायचे, मीही हसायचो. ते नाव मला माझ्या लायकीपेक्षा बरं वाटायचं. आबा त्या वेळी जमिनीकडे बघायचे. त्यांनी शेवटपर्यंत खरं काय ते कोणाला सांगितलं नाही, आणि मीही कधी उभा राहून सांगितलं नाही. ते गेले तेव्हा मी खांदा दिला. वाटलं, आज सांगावं. पण तो दिवस आबांचा होता.

आता त्या घरात जुनं कोणी उरलं नाही. सरपंच गेले. ते मास्तर, त्या माळीणबाई कधीच्या गेल्या असतील. त्यांना मी एक खोटा माणूस दाखवला आणि खरा माझ्या पायांशी ठेवला होता. म्हणून लिहिलं.

शिपाई भानुदास बावीस वर्षांचा होता. घरचा थोरला. बोलायला कमी, जेवायला जास्त. पोहता येत नव्हतं, म्हणून कालव्याची त्याला भीती वाटायची आणि आम्ही चेष्टा करायचो. प्लाटूनमध्ये त्याच्याइतका हात कोणाचा चालत नव्हता. जोड मारून झाला की तो पक्कड पँटला पुसायचा, मिटवून वरच्या खिशात घालायचा, खिशाचं बटण लावायचा आणि मगच उठायचा. कितीही घाई असली तरी. मी त्या शेतात त्याच्याजवळ पोचलो तेव्हा पक्कड खिशात होती. बटण लावलेलं होतं.